मनिषाची चित्रपाटी

ऋतुजाला माझ्याकडून वीस गुण मिळायचे होते, तेही प्रात्यक्षिकाचे. मित्रांनो, मी एक जुनी चित्रपाटी आहे. प्लायवूडची, बारा चित्रांची. नांदेडला एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्या ऋतुजाने मला प्रबंधासाठी घडवले. विषय मोठा भारदस्त: 'दिव्यांग प्रौढांचे पालकत्व आणि संरक्षण'.

मुखेडची मनिषा तीस वर्षांची. तिला समजायचे सगळे, पण तोंडातून शब्द फुटत नसे. ती माझ्या चित्रांवर मूठ टेकवून बोलू लागली. पहिल्याच दिवशी तिने ताटातल्या कारल्याकडे पाहिले आणि 'नको'वर मूठ आपटली. तिला सांभाळणारी मावशी, केवळाबाई, कपाळाला हात लावून हसली, "अगं माय, इतकी वर्सं गप गिळलीस व्हय?"

वर्षभर मनिषा माझ्यावरून बोलली, भांडलीसुद्धा. माझी चित्रे झिजली. मला त्याचा अभिमान होता.

प्रबंध पुरा झाला. "मावशी, परीक्षकांना दाखवून आठवड्यात परत आणते," ऋतुजा म्हणाली. परीक्षकांनी वाहवा केली. विभागाने मला काचेच्या कपाटात मांडून कुलूप घातले. ऋतुजा नोकरी शोधायला लागली आणि आठवडा राहूनच गेला.

तीन महिन्यांनी केवळाबाई एसटीने नांदेडला आली आणि धापा टाकत विभागात शिरली. मनिषाच्या नावच्या रानावर डोळा ठेवून जळकोटच्या काकाने, किशनरावाने, पालक होण्याचा अर्ज केला होता. ऋतुजाचा फोन लागत नव्हता.

"पाटी द्या दादा. उद्या सुनावणी हाय. पोरीला इचारनार हायेत, कोनाकडं ऱ्हातीस म्हनून."

शिपाई शिवलिंग म्हणाला, "चावी सरांकडं हाय मावशी. सर लातूरला गेलेत."

"कशाला?"

"परिषद हाय. दुर्बलांच्या संरक्षणाची."

"मंग काच फोडा की!"

"अन् माझी नोकरी? तुमी देता?"

केवळाबाईने काचेला तळवा लावला. मी चार बोटांवर होते, मित्रांनो, आणि मला हलताही येत नव्हते.

चार दिवसांनी निरोप मिळताच ऋतुजाने सरांकडून चावी घेतली आणि मला घेऊन मुखेडला धावली. मनिषा घरात नव्हती. मावशी म्हणाली, "सायबानं इचारलं, काकाकडं जातीस ना? पोर रिकाम्या टेबलावर मूठ आपटून राहिली. सायबानं पान्याचा गिलास बाजूला सरकवला अन् लिवलं, 'हरकत नाही'."

ऋतुजा आता अपिलाचे कागद लिहिते. किशनराव दार उघडत नाही.

मित्रांनो, कुणाचे बोलणे अभ्यासाला नेलेत, तर आधी ते ज्याचे त्याला परत करा. पदवी ऋतुजाकडे आहे, रान किशनरावाकडे, मी मावशीकडे. मनिषाकडे काहीच उरले नाही. सगळ्यांच्या केल्याची किंमत तिनेच भरली.