बॉनेटवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी साचा आहे. माझं वजन विचारू नका, उचलताना क्रेनलाही घाम फुटतो. डोंगरवाटा चढणारी ती चौकोनी नाकाची जीप तुम्ही पाहिली असेल. तिचं बॉनेट माझ्या पोटात तयार होतं. सपाट पत्रा आत येतो, वरून प्रेसचा दणका बसतो आणि बॉनेट बाहेर पडतं. अशी किती लेकरं मी जगाला दिली, ते आता मलाही आठवत नाही.

मला घडवलं कानसकाकांनी. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण लोखंड घासायची कानस हातातून कधी सुटायची नाही म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणायचे. अगदी शेवटच्या दिवशी मला गुळगुळीत करताना त्यांची कानस घसरली आणि डाव्या कोपऱ्यात बोटभर वाकडी रेघ उमटली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याच दिवशी थोरले मालक बघायला येणार होते. काका गप्प बसले, आणि मीही.

मालकांना रेघ दिसलीच नाही, आणि ती माझ्यातून निघणाऱ्या प्रत्येक बॉनेटवर उमटत गेली. गाडी मात्र झकास चालली. पुढे मालक थकले आणि त्यांनी कंपनी ट्रॅक्टरवाल्यांना विकली. त्यांनी माझ्या कुशीवर हिरव्या रंगात आपलं नाव लिहिलं. त्यांच्याकडून ती एका परदेशी कंपनीने घेतली, तिने हिरव्यावर निळं फासलं. त्या नव्या साहेबांना जाहिरातीसाठी काहीतरी हवंच होतं. एकाने बॉनेटवरून बोट फिरवलं आणि ठरवून टाकलं, की ही रेघ म्हणजे डोंगरातली पायवाट, आपल्या गाडीची ओळख. झालं! लोक गाडी घेताना आधी रेघ चाचपू लागले. काका जाहिरातीचा फलक पाहून कसनुसे हसायचे आणि खाली मान घालून घरी जायचे.

काका निवृत्त झाले. कंपनी तिसऱ्यांदा विकली गेली, या वेळी चक्क फ्रीज बनवणाऱ्यांना. नव्या मॅनेजर बाईंनी हुकूम काढला, की जुने साचे भट्टीत घाला, ज्यात मूळची कारागिरी असेल तेवढेच ठेवा. माझी रेघ कारागिरी आहे का, हे सांगायला काकांना बोलावणं गेलं.

मित्रांनो, काकांनी नुसती मान डोलावली असती तरी मी वाचलो असतो. सोबत आलेली त्यांची मुलगीही कुजबुजली, "बाबा, हो म्हणा आणि मोकळे व्हा."

काकांनी माझ्यावर हात ठेवला. "बाई, ही कारागिरी नाही," ते म्हणाले. "माझी कानस घसरली होती. तीस वर्षं मनात ठेवलं, आता नाही ठेववत."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? मला भट्टी दिसायला लागली होती.

बाईंनी वाकून रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पण काका, लोक ती रेघ बघूनच गाडी घेतात. नव्या साच्यासाठी आम्ही यंत्राने काढून पाहिली, बोटाला वेगळीच लागते. तुम्हीच एकदा कानस घसरू द्या ना. तेवढं झालं, की जुन्याची गरज नाही."

काकांनी चष्मा पुसला आणि समोर सरावासाठी एक लोखंडी तुकडा घेतला. पहिली रेघ सरळ आली. दुसरी छान गोलाईत आली. सहा वेळा प्रयत्न केला, सहाही वेळा रेघ देखणीच. शेवटी त्यांनी कानस खाली ठेवली.

"नाही जमत, बाई. मुद्दाम चुकायला हात तयार होत नाही."

नवा साचा गोदामात गेला आणि मी पुन्हा प्रेसखाली आलो. माझ्या अंगावर आता फ्रीजवाल्यांचं नाव आहे, उद्या आणखी कोणाचं येईल. काका मात्र दर आठवड्याला येतात आणि तेलाच्या फडक्याने मला पुसून जातात.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं अवजार पडलेलं असेल. त्याला अधूनमधून तेल द्या. आणि कोणी आपली चूक स्वतःहून सांगितली, तर त्याच्यावर रागावू नका. मी रागावलो होतो. काका फडकं घेऊन त्या रेघेपाशी आले, की मला अजून त्याची लाज वाटते.