दारामागच्या खिळ्यावरचा हेडर

मी हेडर बोलतोय. गाडीच्या बॉनेटखालून बोलतोय, म्हणून आवाज जरा घोगरा वाटत असेल, सांभाळून घ्या. इंजिनातून निघालेला गरम धूर आधी माझ्याकडे येतो. माझ्या चार नळ्या तो चार वाटांनी घेतात, खाली एकत्र करतात आणि मागे सायलेन्सरकडे पाठवतात. गाडीचा आवाज लोक सायलेन्सरच्या नावावर खपवतात, पण तो घडतो माझ्या पोटात. असो, तक्रार नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. मला घडवणाऱ्या मिस्त्रींना सगळे ‘फूटपट्टी’ म्हणतात, कारण ते चहाचा कप ठेवतानाही टेबलाच्या कडेपासूनचं अंतर बघतात. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना हेडर करून देणं हे त्यांचं काम. चारही नळ्या एकाच लांबीच्या हव्यात, म्हणजे इंजिन मोकळं पळतं आणि आवाज एकसारखा येतो, हा त्यांचा हट्ट. माझ्याही नळ्या त्यांनी सुताचा फरक न ठेवता केल्या होत्या.

चूक झाली ती भलतीकडेच. त्यांनी मला ज्या इंजिनावर बेतलं, ते गाडीतून काढून स्टँडवर ठेवलेलं होतं. गाडीत बसवायला गेले, तर माझी तिसरी नळी थेट स्टिअरिंगच्या दांड्याला भिडली. एवढी मापं घेणारा माणूस, आणि दांडाच विसरला. मग ती नळी कापली, दांड्याला वळसा घालून पुन्हा जोडली, आणि ती बाकीच्या तिघींपेक्षा वीतभर लांब झाली. गिऱ्हाईक शर्यतीत गाडी पळवणारं होतं. त्याने इंजिन सुरू करून ऐकलं आणि म्हणाला, "हा अडखळतोय. मला नको." मिस्त्रींनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं. दिवसभर दार उघडं असायचं, त्यामुळे मी कुणाच्या नजरेला पडत नसे.

तीन वर्षं तिथे काढली. माणसं हेडर कसा निवडतात हे फटीतून बघण्यासारखं असतं बरं. आधी चकाकी बघतात, मग टिचकी मारतात, मग सगळं कळल्यासारखं ‘हं’ करतात. एकाने तर सीटच्या रंगाला शोभेल असा आहे का, असं विचारलं. बॉनेट लावल्यावर आम्हाला बघणार कोण, देव जाणे. मला हसू यायचं. पण संध्याकाळी दार लागलं, की मी भिंतीवर एकटाच उघडा पडायचो आणि वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी औषधांच्या दुकानवाल्या बाई आल्या. वय पन्नाशीचं, गाडी दोनच सीटची, वडिलांनी हौसेने घेतलेली. तिच्या जुन्या ओतीव हेडरला तडा गेला होता आणि ती फटफट करत दारात थांबली.

"ताई, ओतीव लोखंड आहे. सांधलं तरी पुन्हा उलणार," मिस्त्री म्हणाले. "नवा घ्या, गाडी कशी पळते बघा."

"पळायला नको. आवाज तेवढा तोच हवा."

"तोच म्हणजे?"

बाई थोडा वेळ हातातल्या किल्लीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईला आता दिसत नाही. संध्याकाळी मी कोपऱ्यावर आले, की गाडीच्या आवाजावर ती उठते, भिंत धरत येते आणि माझ्यासाठी कडी काढते. बाकीची सगळी कामं आम्ही तिच्या हातातून काढून घेतली, हे एवढंच राहिलंय. तडा गेल्यापासून तिला ओळखूच येत नाही. परवा दुसऱ्याच कुणाच्या गाडीला दार उघडून उभी राहिली. मी आल्यावर म्हणाली, उद्यापासून किल्ली घेऊन जात जा."

मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या.

पहिला हेडर चकचकीत स्टीलचा. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "छान आहे. पण ही आमची गाडी नाही." दुसरा रुंद नळ्यांचा, दणदणीत. "याने आई उठेल, पण घाबरून." दुपार कलली. दोन्हींच्या नळ्या मापात, आवाज एकसारखे, आणि बाईंचा चेहरा उतरत चाललेला.

मिस्त्रींची बायको कोपऱ्यात बसून नट-बोल्ट निवडत होती. ती म्हणाली, "अहो, दारामागचा लावून बघा की. तोही याच जातीच्या गाडीचा आहे."

"अगं, तो बिघडलेला आहे."

"मग त्या तरी कुठे शर्यतीला निघाल्यात?"

मिस्त्रींनी कुरकुरत मला उतरवलं, जळमटं पुसली आणि बसवलं. इंजिन सुरू झालं. तीन वर्षांनी पोटात ऊब आली आणि मी सवयीप्रमाणे अडखळलो. तिसऱ्या नळीतला धूर मागाहून पोचतो, त्याला मी काय करणार? बाईंनी डोळे मिटले. "जरा जोर द्या," त्या म्हणाल्या. "आता सोडा." मग वाकून बॉनेटशी कान नेला. शेवटी म्हणाल्या, "हाच. म्हणजे जवळजवळ हाच."

मिस्त्रींचा विश्वास बसेना. त्यांनी तडकलेला जुना हेडर उचलला, त्याच्या वाटांमध्ये तार घालून मापं घेतली. त्याचीही तिसरी वाट दांड्याला वळसा घालून गेली होती आणि चांगली वीतभर लांब होती.

"असले कितीतरी भंगारात टाकले, एकाचंही माप घेतलं नाही," फूटपट्टी पुटपुटले. बायको नुसती हसली.

संध्याकाळी आम्ही निघालो. स्टिअरिंगचा दांडा माझ्या अगदी शेजारून जातो, त्यामुळे बाई कुठे वळणार ते मला आधीच कळत होतं. कोपऱ्यावर त्यांनी गिअर कमी केला आणि मी होता नव्हता तेवढा जीव लावून बोललो. गाडी दारापुढे थांबली, इंजिन बंद झालं. बाई उतरल्या नाहीत. घराची किल्ली पर्समध्ये होती, तीही काढली नाही. मी निवताना टिकटिक वाजत होतो आणि त्या आवाजाचीच मला लाज वाटत होती.

मग आतून भिंतीवरून हात घासत येण्याचा आवाज आला. कडी निघाली.

"घसा अजून थोडा बसलाय गं गाडीचा," आई म्हणाली. "पण तूच आहेस."

"हो आई, मीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा जास्त अडखळला.

याला दोन वर्षं झाली. माझा रंग तापून तापून निळसर तपकिरी झालाय. मिस्त्री तपासणीला बॉनेट उघडतात, तेव्हा तिसऱ्या नळीच्या जोडावरून एकदा बोट फिरवतात. मी सुखात आहे. तुम्ही कधी हेडर घ्यायला गेलात, तर चकाकी मागून बघा, आधी डोळे मिटून ऐका. आणि जमलं तर दारामागेही एकदा डोकावा.

बरं, आता गप्प बसतो. कोपरा आलाय, आणि आई उठायची आहे.