शून्य रहदारीचा दिवस

औरंगाबादेत कारखाने वाढले, जालना रोडवर ट्रकच्या रांगा लागू लागल्या. दहा वर्षांनी इथं गाडी हलायची नाही, आत्ताच उपाय सुचवा, असा वरून हुकूम आला. इंजिनिअर मुकुंदच्या टेबलावर तीन उपाय होते: रस्ता रुंद करायचा, गावाबाहेरून वळणरस्ता काढायचा किंवा चिकलठाण्याच्या फाट्यावर पायी माणसांसाठी भुयारी वाट करायची. निकाल रहदारीच्या मोजणीवर लागणार होता.

मेंढरं राखणारे मल्हारराव तिसऱ्यांदा ऑफिसात आले. त्यांची लेक सखूबाई कारखान्यात कामाला होती, रोज दोनदा तो फाटा ओलांडायची.

"साहेब, आमच्या वाटेचं काय झालं?"

"मल्हारराव, मोजणीत ट्रकच ट्रक, त्यात रस्ता रुंद करणंच बसतंय. फाटा ओलांडायला वाट हवी असं कुठं दिसतच नाही. हे बघा, मंगळवारी तर रहदारी शून्य."

"मंगळवारी? नामांतराचा बंद व्हता त्या दिशी!"

"म्हणून तर. एक गाडी नव्हती रस्त्यावर."

"गाडी नव्हती, पर माणूस लई व्हतं! बस नाय म्हून समदा कारखाना पायी कामाला चालला व्हता. आमच्या मेंढरांना पाय ठेवायला जागा नव्हती अन् तुमी शून्य लिवलं? माणूस मोजीत नाय व्हय तुमी?"

मुकुंदनं मोजणीचा तक्ता पुढं ओढला. तक्त्यात ट्रक होता, बस होती, स्कूटर होती, बैलगाडीसुद्धा होती. पायी माणसाला रकानाच नव्हता! वा रे मोजणी! म्हातारा खरं बोलतोय हे त्याला कळत होतं. पण अहवाल उद्या द्यायचा होता आणि वरच्या साहेबांच्या तोंडी कोण लागणार? त्यानं मान खाली घातली आणि सही ठोकली.

रस्ता रुंद झाला. हारतुरे झाले, फोटो निघाले. ट्रक सुसाट धावू लागले. पावसाळा संपता संपता पहिल्या पाळीला निघालेली सखूबाई त्या फाट्यावर ट्रकखाली गेली. जागीच गेली.

तेराव्यानंतर मल्हारराव पुन्हा ऑफिसात आले. मुकुंदला वाटलं, आता म्हातारा शिव्या घालणार. त्यानं घालाव्यात, असंही वाटलं. मल्हाररावांनी फक्त टेबलावरच्या मोजणीच्या कागदावर बोट ठेवलं.

"आता तरी लिवा साहेब. येक."

मुकुंदला हुंदका आवरेना. "माझं चुकलं हो, मल्हारराव!"

"माझी पोर गेली. तुमचं चुकलं म्हून ती येती का?" म्हातारा उठून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुकुंद स्वतः फाट्यावर उभा राहिला. नव्या तक्त्यात पहिलाच रकाना होता पायी माणसांचा. अकरा वाजेपर्यंत दोन कागद भरले. भुयारी वाटेचा प्रस्ताव त्यानं पुन्हा पाठवला. साहेब चिडले, तरी त्यानं तो मागं घेतला नाही. तो मंजूर व्हायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत फाट्यावर आणखी किती माणसं गेली, ते सांगायला माझी जीभ रेटत नाही.

वाचकहो, उद्या तुमच्या गावात रस्त्याची आखणी होईल. तेव्हा तो किती रुंद होणार हे मागाहून विचारा. आधी विचारा, पायी चालणारा माणूस मोजलात का? आणि जिवंतपणीच मोजून घ्या.