भूल चढेपर्यंत

आमचे हे दातांचे डॉक्टर होते. दवाखाना घराच्याच तळमजल्यावर होता. बाहेर बाकं मांडलेली खोली, मधे खुर्चीची खोली आणि तिच्यामागे एक अरुंद, बिनखिडकीची खोली. त्या मागच्या खोलीत साचे, प्लास्टरच्या पिशव्या आणि कुणी न्यायलाच न आलेल्या कवळ्या पडलेल्या असायच्या, आणि भिंतीवरच्या खिळ्याला यांची गिटार टांगलेली असायची.

गिटार हे लग्नाआधीपासून शिकत होते. शिकवणारे मास्तर मोठे करडे. ‘थोडं वाजवा, पण रोज वाजवा,’ एवढंच त्यांचं सांगणं. लग्नानंतर काही महिने ते पाळलंही गेलं. मग दवाखाना वाढला, लेक झाली, सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि रोजचं बसणं कुठल्या कुठे गेलं.

यांनी हार मानली असं नाही. आधी पहाटे उठून पाहिलं. माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, आमच्याकडेच राहायच्या. तिसऱ्याच दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अरे, कोंबड्याला तरी उठू दे आधी!" मग दुपारी जेवणानंतर बसून पाहिलं, तर गिटार पोटाशी धरून घोरताना सापडले. संध्याकाळी म्हणावं तर लेकीचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, आणि दाढ दुखायला लागायची वेळ तर लोकांनी संध्याकाळचीच ठरवलेली.

अखेर वेळ सापडली ती खुर्चीच्या खोलीतच. दात काढायचा म्हणजे आधी हिरडीत इंजेक्शन द्यायचं आणि भूल चढेपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ हे नुसते पाय हलवत उभे राहायचे. एकदा असाच एक घाबरट गृहस्थ खुर्चीत होता. डॉक्टर समोर दिसले की त्याला जास्तच घाम फुटायचा. म्हणून हे मागच्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने तिथून तारा वाजायला लागल्या.

"आत कोण वाजवतंय?" त्या गृहस्थाने गाल धरून विचारलं.

"डॉक्टर," मी म्हटलं.

"मग दात कोण काढणार?"

त्या दिवसापासून तो नियमच झाला. इंजेक्शन द्यायचं, हात धुवायचे, मागे जायचं, वाजवायचं. पेशंटजवळ मी बसायची. "ओठ जड झाला का? जीभ जाड वाटते?" असं मधूनमधून विचारत राहायची. भूल चढली की दारातून हाक द्यायची, "चढली हो!" की तार थांबायची, गिटार खिळ्याला लागायची, हे हात चोळत बाहेर. कधी यांनाच वाटायचं की वेळ झाली. मग आतून आवाज यायचा, "चढली?" आणि मी म्हणायची, "अजून नाही!" त्या दोन शब्दांवर हे किती खूश व्हायचे, ते आवाजावरून कळायचं. गिटार जरा मोठ्याने वाजायची.

सण नाही, सुट्टी नाही, ताप असला तरी नियम मोडला नाही. ज्या दिवशी नुसतेच दात साफ करायला आलेले पेशंट असत, त्या दिवशी मात्र यांचा चेहरा बघवत नसे. वन्सं म्हणायच्या, "आज कुणाची दाढ किडली नाही वाटतं! म्हणून तोंड पाडून बसलाय."

उजव्या हाताची नखं वाढवा, म्हणजे सूर खणखणीत निघेल, असं मास्तर सांगायचे. लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाने नखं कशी वाढवावी? त्यामुळे यांचा सूर मऊ निघायचा, उशीखालून आल्यासारखा. डाव्या हाताच्या बोटांना मात्र चांगले घट्टे पडले होते.

जास्तीत जास्त वेळा एकच सुरावट वाजायची, मास्तरांनी दिलेली. सुरुवातीला संथ, कुणीतरी हळूहळू जिना चढत असल्यासारखी. मग सगळ्यात वरच्या सुरावर येऊन थबकायची, आणि तो एकच सूर बराच वेळ घुमत राहायचा. नेमकी त्याच सुमाराला भूल चढायची. मी हाक द्यायची आणि सुरावट तिथेच राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, एखाद दिवशी मधूनच सुरू करा की," मी एकदा म्हटलं.

"मधून? सुरावट म्हणजे काय चादर आहे, कुठूनही ओढायला?"

अशी वर्षं गेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती सुरावट पाठ झाली होती, पण त्या वरच्या सुरापर्यंतच. लेक बाहेरच्या बाकाच्या टोकाला बसून अभ्यास करायची आणि तीच गुणगुणायची. वरच्या सुरावर आली की वही मिटायची. तिच्या लेखी गाणं तिथे संपत होतं.

ती लेक मोठी झाली, शिकली आणि तिला लांबच्या देशात नोकरी लागली. जायची तारीख ठरली. एके दिवशी ती कुठूनशी धावत आली आणि चपला न काढताच थेट खुर्चीच्या खोलीत शिरली.

"बाबा, रेडिओवर तुमचं गाणं लागलं होतं! ते पुढे पण आहे!"

"आहे ना," हे म्हणाले.

"मग मला कधी का नाही ऐकवलं?"

हे हातातला आरसा उगीचच पुसत राहिले.

"मी जायच्या आधी एकदा ऐकवा. पूर्ण. एकदाच, पण पूर्ण."

"तुला पूर्ण ऐकवायचं म्हणजे," वन्सं बाहेरून म्हणाल्या, "कुणाच्यातरी अख्ख्या बत्तिशीला भूल द्यावी लागेल!"

लेक हसली. हे हसले नाहीत. त्या दिवसापासून यांनी सुरावटीचा पहिला भाग बाजूला ठेवला आणि वरच्या सुराच्या पुढचं तेवढं वाजवायला घेतलं. पेशंट बुचकळ्यात पडले. एक आजी मला म्हणाल्या, "डॉक्टर बदलले का हो?" पण वर्षानुवर्षांची बोटं ती. थोड्याच आठवड्यांत उत्तरार्ध बऱ्यापैकी बसला.

मग एका दुपारी यांनी सगळं सलग वाजवायला घेतलं. दवाखाना रिकामा होता, मी साचे आवरत तिथेच होते. जिना चढला, वरचा सूर लागला, आणि यांचे दोन्ही हात तारांवरून उठले. गिटार मांडीवरून खाली सरकली. हे चक्क हात चोळत दाराकडे निघाले होते.

आधी आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही.

"हाताला कळतच नाही," हे म्हणाले. "तो सूर आला की हात पेशंटकडे निघतात."

"होईल सवय."

"सवयच तर झालीये!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गिटार खिळ्याला न लावता यांनी जमिनीवर ठेवली. "आपल्या चिमणीने काही मागितलं नाही कधी. एक गोष्ट मागितली, तर तीही अर्धीच देणार मी."

दिवस भराभर चालले होते.

अशात मास्तर आले. आता पार म्हातारे झाले होते, आणि दाढेने त्यांना हैराण केलं होतं. यांनी इंजेक्शन दिलं. "मास्तर, बसा जरा," म्हणून मागे गेले आणि वाजवायला लागले. मी मास्तरांजवळ बसले. वरच्या सुरावर गिटार थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. मास्तर एकदम खुर्चीत उठून बसले.

"हट!" ते म्हणाले.

"काय झालं मास्तर?"

"हट! हट आहे, हट!"

मला वाटलं, मला हाकलतायत. मी उठून बाजूला झाले, तर ते आणखीच चिडले. स्वतःच्या पुढच्या दोन दातांच्या मधे बोट दाखवून म्हणाले, "हट!" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भूल चढली होती, त्यामुळे बिचाऱ्यांना ‘फ’ म्हणता येत नव्हता. फट!

दाढ निघाली, तोंडात कापूस होता, तरी मास्तरांनी जायच्या आधी दोन्ही मुठी एकमेकींपासून लांब धरून दाखवल्या आणि मग एकमेकींवर आपटल्या. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन मुद्दाम आले तेव्हा नीट बोलले.

"तुम्ही दोन अर्धी बसवली आहेत, डॉक्टर. चांगली बसवलीत. पण मधली फट कोण बुजवणार? लोकांच्या दातांतल्या बुजवता ना? त्या सुराच्या जरा आधी सुरू करा, जरा पुढे थांबा. बाकी काही वाजवू नका. तेवढंच."

हे तेवढंच वाजवायला लागले. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा. वन्सं कानात कापूस घालून बसायच्या, तोही दवाखान्यातलाच. कधी फट बुजायची, कधी नाही. कशामुळे बुजते आणि कशामुळे नाही, ते यांनाही सांगता यायचं नाही.

लेकीच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखाना बंद ठेवला आणि बाहेरच्या खोलीत सगळे जमले. शेजारी, काही जुने पेशंट, मास्तर. वन्सं पुढच्या बाकावर. लेक तिच्या नेहमीच्या जागी, बाकाच्या टोकाला. हे समोर स्टुलावर बसले. त्या खोलीत यांनी कधी वाजवलं नव्हतं. चार माणसांसमोर वाजवायचीही वेळ कधी आली नव्हती. मी सवयीने खुर्चीच्या खोलीच्या दारात उभी राहिले. दुसरीकडे कुठे उभं राहावं ते मला सुचलंच नाही.

जिना चढायला लागला. इतका छान तो मी कधी ऐकला नव्हता, कारण आजवर मी बहुतेक वेळा भिंतीच्या अलीकडे असायची. लेक मान खाली घालून ऐकत होती. वरचा सूर लागला, आणि खोलीतल्या तिघा-चौघांचे हात आपोआप गालाकडे गेले. जुने पेशंट ते!

आणि यांचे हात उठले.

सूर घुमत घुमत विरला. लेकीने मान वर केली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. यांनी गिटारकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. भिंतीआडून इतकी वर्षं ज्या आवाजात विचारायचे, तोच आवाज त्या डोळ्यांत होता. चढली?

मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून नाही!"

यांचे हात खाली आले. सुराच्या जरा अलीकडे जाऊन यांनी पुन्हा उचललं, वर चढले, आणि या वेळी पलीकडे गेले.

उत्तरार्ध काही सुबक वाजला नाही. दोन ठिकाणी बोट घसरलं, एके ठिकाणी लय ओढल्यासारखी झाली. पण सुरावट जिना उतरत, जिथून निघाली होती तिथे येऊन पोचली. तार थांबली, तरी कुणी टाळी वाजवेना. सगळ्यांना शेवट दुसराच माहीत होता ना!

"झालं का रे? की अजून आहे?" वन्संनी विचारलं.

"झालं, ताई."

मग टाळ्या पडल्या. लेक उठली, यांचा डावा हात हातात घेतला आणि बोटांच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिली. "असं संपतं होय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो तेव्हा दारात एक पेशंट गाल धरून उभाच होता. यांनी डोळे पुसले, हात धुतले, इंजेक्शन दिलं आणि मागे गेले. सुरावट सुरू झाली. वरच्या सुराच्या आधीच पेशंटने मला खूण केली आणि जाड जिभेने म्हणाला, "चलली की हो, बाई!"

"बसा जरा," मी म्हटलं. "सांगते मी."