एकतिसावा बिंदू

तिने भिंग नकाशातल्या एकतिसाव्या बिंदूवर ठेवलं आणि डाव्या हाताचं बोट यादीवर. दोन्ही जुळत नव्हतं. यादीतले आकडे बिंदू ओढ्याच्या काठी दाखवत होते. नकाशातली रेघ मात्र ओढा सोडून वर, टेकडीच्या माथ्यावरून गेली होती. काढणाऱ्याची नजर चुकली असावी. दोन दिवस कचेरीत कुणी धड झोपलं नव्हतं.

तिने लाल पेन्सिल उचलली, आणि हात तसाच राहिला.

नकाशावर एकाही गावाचं नाव नव्हतं. तपासणाऱ्यांना जागा कळू नये म्हणून नावं आधीच पुसली होती. पण उंचीच्या रेषांचा तो पीळ आणि त्याखालचा ओढ्याचा बाक तिने स्वतः मोजला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. टेकडी आणि ओढा यांच्यामध्ये सतरा घरं होती. त्यातलं एक तिच्या ताईचं.

चाळीस वर्षं पाठीशी असलेला मोठा मित्रदेश आपली विमानं परत नेऊ लागला होता. सरकारने नवा मित्र शोधला होता, पण तो शेजारी देशाचाही मित्र होता, आणि त्याची अट एकच होती: सैन्याने या रेघेच्या मागे यायचं. पलीकडचं शेजाऱ्याचं. सही उद्या सकाळी होती.

रेघ आहे तशी राहिली तर ताईचं घर आत. यादीप्रमाणे दुरुस्त केली तर बाहेर.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि बत्तिसावा बिंदू तपासायला घेतला. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद होता. चाळिसाव्या बिंदूपाशी पोहोचेपर्यंत तिच्या तळव्याचा ओला ठसा समासात उमटला होता.

सात नंबरच्या बिंदूची गोष्ट या कचेरीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. जुन्या करारात यादी एक म्हणत होती आणि नकाशा दुसरं. मधल्या टापूवर दोन्ही सैन्यांनी हक्क सांगितला. अकरा दिवस तोफा चालल्या. त्या टापूत चार घरं होती.

ती मागे आली आणि एकतिसाव्या बिंदूभोवती लाल गोल काढायला घेतला. टोक मोडलं. तिने पेन्सिलला पुन्हा टोक केलं आणि गोल पुरा केला.

दुसरी प्रत पलीकडच्या खोलीत भिंगकाका तपासत होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, म्हणून हे नाव पडलेलं. साहेबांनी दोन्ही प्रती शेजारी मांडल्या.

"काका, इथे बाईंची खूण आहे. तुमची नाही."

"सुटलं असेल, साहेब."

"भिंगालाच मोतीबिंदू झाला की काय?" साहेब हसले, बाकी कुणी हसलं नाही. "असो. एक खूण पुरे. दुरुस्तीला पाठवा."

तासाभरात रेघ नखाएवढी खाली सरकली.

जिन्यात तिने काकांना गाठलं.

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"मग?"

"त्या मोजणीच्या वेळी तुमच्या ताईंच्या अंगणात दोन महिने तंबू होता आपला. त्यांच्या हातची भाकरी खाल्लीय मी." ते कठड्याला धरून थांबले. "वाटलं, तुम्हीही सोडून द्याल."

"सोडलंच होतं. मग सात नंबर आठवला."

काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मला नाही आठवला," ते म्हणाले. "मला. कमाल आहे."

पाच वाजता दारावरच्या पहारेकऱ्याने पेटीतून सगळ्यांचे फोन परत दिले.

"बोला, पण बेताने हं. वर सगळं ऐकतायत. बायकोशी भांडलात तरी लिहून घेतील."

ताईचे तीन फोन येऊन गेले होते. ती पायरीपाशी उभी राहिली आणि नंबर लावला.

"छोटे, कुठे होतीस गं दिवसभर? चौकीतली पोरं सामान बांधतायत. आज दूधही नको म्हणाली. विचारलं तर नुसती हसतात. काय चाललंय?"

तिने मागे पाहिलं. पहारेकरी दोन हातांवर होता. काकांनी हात पुढे केला आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार ताई. मी हिच्या कचेरीतला, तंबूवाला काका. ओळखलंत? हां. घाबरू नका, पण हिला बरं नाहीये. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस जवळ हवं." त्यांचा आवाज यादी वाचावी तसा सरळ होता. "नाही, एकट्या नको. सासूबाई, पोरं, सगळेच या. उद्या नको, आज निघा."

पहारेकऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला खोकावंसं वाटलं, पण खोकला येईना.

"अगं बाई!" ताईचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "निघतोच. किती दिवसांचे कपडे घेऊ?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे आकडा नव्हता. तिने फोन घेतला.

"थंडीचेही घे, ताई."

पलीकडे एक दार लागलं. मग ताई हळू आवाजात म्हणाली,

"बरं. मग बाकीच्या सोळा घरांनाही सांगू का, तुला बरं नाहीये म्हणून?"