पास झालेली रिक्षा

ठक्. ठक् ठक्. आमच्याकडे सकाळची शांतता मोडते ती खलबत्त्यात आलं ठेचल्याच्या आवाजाने. माझी मालकीण ज्योत्स्ना लेकीसाठी काढा करते आहे, हे मला भिंतीपलीकडूनही कळतं.

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल रिक्षा आहे. अमळनेरला माझ्या मालकाच्या, धनसिंगच्या, स्वयंपाकघराची भिंत हाच माझा तबेला. कारखान्यातून आले तेव्हा धनसिंगने माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गल्लीभर पेढे वाटले. बाजाराच्या बायका, वऱ्हाडी, कापसाची गाठोडी आणि रोज सकाळी शाळेची पोरं, सगळं मी वाहिलं. "धनसिंगनी गाडी म्हंजे घोडी शे घोडी," असं स्टँडवर म्हणायचे, आणि मी उगीच एक भोंगा जास्त वाजवायची.

मग माझं वय झालं. आता चढ लागला की मी काळा धूर सोडते आणि मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत पुढे निघून जातो.

ज्योत्स्ना आणि धनसिंगची लेक मेघा सात वर्षांची आहे. पैसे देऊन येणारी पोरं पुढच्या बाकावर बसतात. मालकाची लेक मात्र मागच्या उलट्या फळीवर, नेमकी माझ्या धुराच्या नळीवर. दोन हिवाळे झाले, तिचा खोकला हटत नाही. डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवायला सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आल्यावर ज्योत्स्ना माझ्यात बसेना. पोरीला कडेवर घेऊन चालतच घरी गेली.

तेवढ्यात नगरपालिकेचा कागद आला. जुन्या रिक्षांची धूर तपासणी होणार होती. जी नापास होईल ती भंगारात जाणार आणि तिच्या मालकाला विजेची रिक्षा घ्यायला पालिका मदत करणार.

स्टँडवर एकच कुजबुज. सगळ्यांत जुने चालक बन्सीलाल नाना तंबाखू मळत म्हणाले, "तपासणी नही रे भो, हाऊ सापळा शे. फुकट कोन काय देस? नापास व्हयनी तं गाडी गयी समज."

घरी ज्योत्स्नाने तो कागद दोनदा वाचला. "अहो, नापास झाली तरच मदत आहे. आहे तशीच घेऊन जा ना."

"कागदवर तं आपली गल्लीमा गटारबी शे," धनसिंग म्हणाला. "कोठे शे ती?"

तिने कागद घडी करून फडताळात ठेवला. खरं सांगते मित्रांनो, मला बरं वाटलं. भंगारात जायचं कोणाला आवडेल?

तपासणीच्या सकाळी स्टँडवाल्यांनी शक्कल लढवली. सगळ्यांत मिळून हवेचा एकच नवा फिल्टर आणला. रांगेत पुढच्याचं झालं की फिल्टर काढायचा, सदऱ्याखाली लपवायचा आणि मागच्या गाडीत बसवायचा. शिवाय प्रत्येकाने पंपाचा स्क्रू कसून डिझेल कमी केलं. त्याने गाडीचा दम जातो, पण धूरही जातो.

स्टँडवरच्याच हिलालने मात्र घोटाळा केला. तो सवयीने सगळ्यांच्या आधी येऊन बसला. त्याचा नंबर पुकारला तेव्हा फिल्टर अजून वाटेतच असलेल्या नानांच्या पिशवीत होता. त्याची रिक्षा अशी काही भकभकली की तपासणाऱ्या सारिका मॅडम चार पावलं मागे सरल्या. हिलाल नापास! सगळ्यांनी त्याला मयतीला आल्यासारखं घेरलं, चहा पाजला.

मग माझी पाळी आली; फिल्टर आता माझ्यात बसला होता. मॅडमनी मशीनची नळी माझ्या धुराच्या नळीत घातली, धनसिंगने रेस दिली. मी श्वास रोखून धरला. थोडं खोटं बोलले म्हणा ना. मॅडमनी काचेवर हिरवा कागद चिकटवला : 'धूर तपासणी उत्तीर्ण'.

हिलालची गाडी भंगाराला गेली तेव्हा नाना बोलले, "सांगेल व्हतं का नही?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दीड महिन्याने हिलाल आला तो विजेच्या नव्या रिक्षातून, मांजरासारखा, आवाज न करता. माना डोलवायच्या थांबल्या. "उन्हाळा येऊ दे, मंग बॅटरी फुटी," नाना पुटपुटले. पण तोवर सगळे नव्या गाडीभोवती गोळा झाले होते.

दुसऱ्याच दिवशी ज्योत्स्ना धनसिंगला घेऊन पालिकेत गेली. मी खिडकीखालीच उभी होते.

"मॅडम, आमची पण नापास करा ना."

सारिका मॅडम हसल्या. "ताई, लोक पास करा म्हणून मागे लागतात! तुमची गाडी चांगली आहे. मदत नापासांनाच. पुढची तपासणी कधी, ते अजून वरून आलेलं नाही."

ज्योत्स्ना काहीतरी बोलणार होती. तिने धनसिंगकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. फिल्टरचं एक वाक्य बोललं असतं तर स्टँडवरची सगळी माणसं अडकली असती. ती नुसतं "बरं" म्हणून बाहेर आली.

मित्रांनो, परक्यावर संशय घेणं सोपं असतं. पालिकेवर घ्या, मशीनवर घ्या, माझी ना नाही. पण गाडी काळं ओकत असेल तर ते झाकू नका, चारचौघांत दाखवा. मी जगावं म्हणून ज्या दिवशी धूर गिळला, त्या दिवसापासून मला माझाच संशय येतो.

फिल्टर केव्हाच परत गेला. पूल चढवेना म्हणून स्क्रूही सैल केला. आज सकाळी शाळेची पोरं बसली, धनसिंगने मला चालू केलं आणि मागे काळा लोट उठला. मेघा खोकत खाली उतरली आणि पुढे काचेपाशी येऊन उभी राहिली. तिला आता जोडाक्षरं येतात. बोट ठेवून तिने हिरवा कागद सावकाश वाचला : "धूर... तपासणी... उत्तीर्ण."

ज्योत्स्ना दारात डबा घेऊन उभी होती.

"आई, ही धुरात पास झाली ना? मग मला खोकला कशाने येतो?"