दाजी राजकन्या झाले

तोंडवलीचे दाजी ओरोसच्या ऑफिसात साहेबालाही दोन शब्द सुनावणारे. पण घरात, बारावीतल्या लेकीपुढे त्यांची डाळ शिजेना. आकांक्षा त्यांच्याशी दोनच शब्द बोलायची, "होय" आणि "नाय". मोबाईलवरच्या त्या खेळात मात्र तिची अखंड बडबड! तिथे म्हणे प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी राक्षस, कोणी वैद्य, आणि मिळून किल्ले जिंकायचे. आकांक्षा तिथे म्हातारा धनुर्धर होती. सोंगाआड कोण बसलाय देव जाणे! 

दाजींनी तिला समोर बसवून दम दिला. "नाव सांगूचा नाय. गाव सांगूचा नाय. एकट्यान भेटाक तर मुळीच जावचा नाय. समाजला?"

"होय," आकांक्षा म्हणाली.

आता माणसाने एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण दाजींना खात्री करून घ्यायची खुमखुमी. पिकल्या मिशीचा हा गृहस्थ ओरोसच्या एसटीत बसून त्या खेळात शिरला, सतरा वर्षांची राजकन्या झाला आणि थेट त्या म्हाताऱ्या धनुर्धराच्या टोळीत जाऊन बसला. धन्य त्याची!

आणि लेक बोलायला लागली हो! परीक्षेची धास्ती, मैत्रिणीशी झालेलं भांडण, सगळं त्या राजकन्येला सांगू लागली. नाव-गाव तेवढं तिने दिलं नाही, तेव्हा दाजींची छाती फुगली. खरं तर तिथेच थांबायचं. पण ते रोज लिहायचे, "जेवलंस? आज माशे खंयचे?" आणि आपल्याच घरी कुठले मासे शिजलेत याचं उत्तर वाचता वाचता उतरायचा थांबा चुकायचा. इतकं सुख त्यांना घरात कधी मिळालं नव्हतं.

मग शेवटची परीक्षा म्हणून त्यांनी विचारलं, "भेटूया?" ती नाही म्हणेल अशी खात्रीच होती.

"होय. रविवारी सांजचा, तोंडवलीच्या किनाऱ्यार."

दाजींनी ते उत्तर तीनदा वाचलं.

रविवारी तिला रंगेहाथ पकडायला ते सुरूच्या बनातून दबकत गेले. बघतात तर काय! मधोमध आकांक्षा, एका बाजूला बायको यशोदा दांडा घेऊन, दुसऱ्या बाजूला शेजारची नर्मदाकाकी मासे कापायची विळी घेऊन, आणि मागे रापणीचं जाळं ओढणारे चार गडी.

"तुमी हंय खंय? बरा झाला इलात," यशोदाने दांडा त्यांच्या हातात दिला. "खेळातली एक राजकन्या येतली हा. राजकन्या कसली, कोणतरी थोराड बाप्यो! सतरा वर्षांचा चेडू रोज 'माशे खंयचे' म्हणान इचारता काय?"

"म्हणान मीच तेका मुद्दाम बोलावलंय," आकांक्षा म्हणाली.

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?" दाजींचा आवाज चिरकला.

"तुमका सांगला असता, तर तुमी पयलो माझो मोबाईल काढून घेतलो असतो."

खोटं काय होतं त्यात? दाजी दांडा धरून स्वतःचीच वाट बघत उभे राहिले. दिवस बुडाला. कोणी आलं नाही.

"पळालो मेलो," यशोदा फणकारली. "काय वो, असल्या माणसाक सोताच्या घरात चेडू नसात?"

"आसात," दाजी लेकीकडे न बघता म्हणाले. "पण ता तेच्याशी बोलत नसात."